'हार्वेस्ट'च्या यशानंतर नील यंगने केलेले तीन अल्बम

मंद्रसप्तक

कॅनडात जन्मलेला रॉक गायक-गीतकार नील यंग याचा 'हार्वेस्ट' हा अल्बम फेब्रुवारी १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला, अमेरिकेच्या लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचला आणि त्या वर्षी तिथे सर्वाधिक खपलेला अल्बम ठरला. त्यातले 'हार्ट ऑफ गोल्ड' हे गाणेही पहिल्या क्रमांकावर गेले; इतक्या दीर्घ कारकिर्दीत त्याचे दुसरे कोणतेही गाणे अमेरिकेत त्या जागी पोचलेले नाही. मधल्या एका चित्रपटाची ध्वनिमुद्रिका वगळली, तर पुढच्या तीन वर्षांत त्याने काढलेले 'टाइम फेड्स अवे' (१९७३), 'ऑन द बीच' (१९७४) आणि 'टुनाइट्स द नाइट' (१९७५) हे अल्बम त्याच यादीत अनुक्रमे २२, १६ आणि २५ या क्रमांकांच्या वर चढले नाहीत.

या घसरणीची एक ठरलेली कथा आहे आणि ती स्वतः यंगनेच पुरवलेली आहे. १९७७ साली 'डिकेड' या संकलनासोबतच्या टिपणात त्याने लिहिले, की 'हार्ट ऑफ गोल्ड'ने त्याला रस्त्याच्या मधोमध आणून सोडले, तिथल्या प्रवासाचा त्याला लवकरच कंटाळा आला आणि म्हणून त्याने गाडी रस्त्याकडेच्या चरात घातली. तिथे धक्के अधिक बसले, पण माणसे अधिक लक्षात राहण्याजोगी भेटली. वाक्य इतके नेटके आहे, की तेव्हापासून हे तीनही अल्बम 'चरातली त्रयी' या अर्थाच्या नावाने ओळखले जातात आणि यशाला कंटाळलेल्या कलावंताने मुद्दाम केलेले बंड असाच त्यांचा अर्थ लावला जातो. मला हा अर्थ अपुरा वाटतो. या अल्बममागे यशाचा कंटाळा फार थोडा आणि मृत्यूंचा घाव फार मोठा आहे, आणि तो घाव 'हार्वेस्ट'मध्येच दिसू लागलेला होता, असे माझे म्हणणे आहे.

आधी 'हार्वेस्ट' कसा तयार झाला ते पाहू. फेब्रुवारी १९७१ मध्ये जॉनी कॅशच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमासाठी यंग नॅशव्हिलला गेला होता. तिथे निर्माता एलियट मेझर याच्याशी गाठ पडली आणि लगोलग क्वाड्राफोनिक स्टुडिओत काम सुरू झाले. पेडल स्टील गिटारवर बेन कीथ, बासवर टिम ड्रमंड, ड्रमवर केनी बट्री अशी साथ जमली. त्याच कार्यक्रमासाठी आलेले लिंडा रॉनस्टॅट आणि जेम्स टेलर मागचे स्वर द्यायला थांबले आणि 'ओल्ड मॅन' या गाण्यात टेलरने सहा तारांचा बँजोही वाजवला. पाठीच्या दुखण्यामुळे यंगला त्या काळात पट्टा बांधावा लागत असे आणि जड इलेक्ट्रिक गिटार फार वेळ पेलवत नसे, त्यामुळे बसून वाजवता येणाऱ्या अकूस्टिक गिटारचाच स्वर या गाण्यांत प्रामुख्याने राहिला. आपण ज्याला 'हार्वेस्ट'चा मवाळ, घरगुती आवाज म्हणतो, तो श्रोत्यांना खूश करण्यासाठी योजलेला नव्हता. दुखणारी पाठ, त्या दिवशी शहरात हजर असलेले वादक आणि सगळ्यांनी एकाच वेळी वाजवून गाणे पकडण्याची यंगची सवय यांतून तो जमून आला.

आता याच अल्बममधले 'द नीडल अँड द डॅमेज डन' हे गाणे ऐका. जेमतेम दोन मिनिटांचे हे गाणे जानेवारी १९७१ मध्ये लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातील रॉइस हॉलमध्ये भर मैफलीत ध्वनिमुद्रित झाले आहे. एक गिटार, एक आवाज आणि हेरॉइनने पोखरल्या जाणाऱ्या मित्रांची गोष्ट, एवढाच त्याचा ऐवज आहे. गाणे संपताच टाळ्या सुरू होतात, पण त्या ओसरू न देता मध्येच कापल्या आहेत आणि त्याच क्षणी पुढच्या 'वर्ड्स' या गाण्यातली जड इलेक्ट्रिक गिटार आदळते. हा सांधा मुद्दाम इतका धारदार ठेवलेला आहे. ज्याच्या व्यसनाची छाया त्या गाण्यावर पडली आहे, तो क्रेझी हॉर्स या वाद्यवृंदाचा गिटारवादक डॅनी व्हिटन तेव्हा जिवंत होता. म्हणजे ज्या अल्बमला लाखो लोकांनी उबदार म्हणून जवळ केले, त्याच्या दुसऱ्या बाजूवर येऊ घातलेल्या मृत्यूची चाहूल आधीच लागलेली होती.

१९७२ च्या शरद ऋतूत यंगने आगामी दौऱ्याच्या तालमींसाठी व्हिटनला कॅलिफोर्नियातल्या आपल्या रँचवर बोलावून घेतले. व्हिटनला गाणी लक्षात राहीनात आणि वाजवणेही जमेना. शेवटी यंगने त्याला विमानाचे तिकीट आणि ५० डॉलर देऊन लॉस एंजेलिसला परत पाठवले, आणि त्याच रात्री, १८ नोव्हेंबर १९७२ रोजी, अतिसेवनाने त्याचा मृत्यू झाला. या मृत्यूला आपण जबाबदार आहोत ही भावना मनातून गेली नाही, असे यंग पुढे अनेकदा बोलला आहे. हे घडल्यावर काही आठवड्यांतच तो त्याच्या तोवरच्या सर्वांत मोठ्या दौऱ्यावर निघाला. 'हार्वेस्ट'ची गाणी ऐकायला हजारो लोक तिकीट काढून येत होते आणि त्यांच्यासमोर जो माणूस उभा राहत होता, त्याने नुकताच मित्र गमावलेला होता. 'टाइम फेड्स अवे' हा मुख्यतः त्याच दौऱ्यातल्या ध्वनिमुद्रणांचा अल्बम आहे, आणि त्यातले एकही गाणे तोपर्यंत कोणत्याही अल्बमवर आलेले नव्हते. त्यातल्या 'डोन्ट बी डिनाइड'मध्ये आईवडिलांची ताटातूट, विनिपेगच्या शाळेत खाल्लेला मार आणि कीर्तीचे स्वप्न असे सारे बालपण तो ओरडून सांगतो. त्याचा आवाज पट्टीच्या पार टोकाला जातो आणि घशावर आलेला ताण स्पष्ट ऐकू येतो.

जून १९७३ मध्ये दुसरा मृत्यू झाला. दौऱ्यांवर वाद्यांची ने-आण आणि मांडणी करणारा ब्रूस बेरी हा तरुण हेरॉइनने गेला. त्यानंतर दोनच महिन्यांनी यंगने बेन कीथ, निल्स लॉफग्रेन आणि व्हिटनचे क्रेझी हॉर्समधले सोबती बिली टॅल्बॉट व राल्फ मोलिना यांना हॉलीवूडमधल्या स्टुडिओ इन्स्ट्रुमेंट रेंटल्स या ठिकाणी गोळा केले. हा नेहमीचा ध्वनिमुद्रणाचा स्टुडिओ नव्हता. वाद्ये भाड्याने देणारी आणि तालमीसाठी खोल्या देणारी ती जागा होती, आणि ती ब्रूसच्या भावाची होती. ध्वनिमुद्रणाची सामग्री बाहेरच्या ट्रकमध्ये ठेवून निर्माता डेव्हिड ब्रिग्जने तिथे रात्री-रात्री टेप फिरवत ठेवली. 'टुनाइट्स द नाइट'मधली पाच गाणी ऑगस्टच्या अखेरच्या एकाच रात्रीतली आहेत.

शीर्षकगीत अल्बमच्या आरंभी आहे आणि शेवटीही आहे, दोन वेगवेगळ्या टेकमध्ये. त्यात ब्रूस बेरीचे नाव स्पष्ट घेतलेले आहे. तो कष्ट करणारा माणूस होता, व्हॅनमध्ये सामान चढवायचा आणि सगळे निघून गेल्यावर रात्री यंगचीच गिटार उचलून थरथरत्या आवाजात गायचा, असे तपशील एखाद्या नातेवाइकाने सांगावेत तसे त्यात येतात. 'मेलो माय माइंड'मध्ये यंगचा आवाज वरच्या स्वराला पोचत नाही, फाटतो, आणि ती ओळ तशीच ठेवलेली आहे. ती पुन्हा गाऊन घेणे अगदी सोपे होते, पण त्या रात्री तो स्वर लागला नाही ही गोष्टही त्याला नोंदवून ठेवायची होती, असे मला ते ऐकताना प्रत्येक वेळी वाटते. शिवाय मधेच १९७० सालच्या फिलमोर ईस्टमधल्या मैफलीतले एक गाणे येते आणि त्यात प्रमुख आवाज खुद्द डॅनी व्हिटनचा आहे. शोकाच्या अल्बममध्ये गेलेला माणूस उठून गातो, आणि तोही उत्साहाने, दणकून गातो. अल्बमसोबतच्या कागदावर यंगने श्रोत्यांची क्षमा मागितली आहे: तुम्ही या माणसांना ओळखत नाही, तेव्हा तुम्हाला याचा काही अर्थ लागणार नाही, अशा आशयाचे ते शब्द आहेत.

आणखी एक गोष्ट ठरलेल्या कथेत बसत नाही. १९७४ च्या उन्हाळ्यात हाच यंग क्रॉस्बी, स्टिल्स आणि नॅश या आपल्या जुन्या साथीदार गायकांसोबत प्रचंड मैदानांवर भरलेल्या दौऱ्यात सामील झाला. ज्याला प्रसिद्धीचा उबग आला आहे, तो अशा दौऱ्याला होकार देत नाही. म्हणून माझी विनंती अशी, की हे तीन अल्बम प्रकाशनाच्या क्रमाने ऐकू नयेत, तर ध्वनिमुद्रणाच्या क्रमाने ऐकावेत. 'टुनाइट्स द नाइट' हा 'ऑन द बीच'च्या आधी गायला गेला होता आणि जवळजवळ दोन वर्षे अडकून पडला होता. हा क्रम लावला, की बंडाची रेषा पुसट होते आणि शोकाची रेषा ठळक होते. आपणा सर्वांची मते वाचायला आवडतील.

---

धुळाक्षर

मंद्रसप्तक, लेख अतिशय जीव ओतून लिहिला आहे. तरीही त्या काळच्या श्रोत्याची बाजू कोणीतरी मांडायला हवी, म्हणून लिहितो.

१९७३ च्या आरंभी ज्याने तिकीट काढले, त्याला डॅनी व्हिटन कोण हे ठाऊक नव्हते आणि ठाऊक असण्याचे कारणही नव्हते. तो 'हार्वेस्ट' ऐकून आला होता, आणि त्याच्यासमोर तासभर अनोळखी गाणी, फाटलेला आवाज आणि कर्कश गिटार आली. त्याच वर्षी इंग्लंडच्या दौऱ्यात तर यंगने 'टुनाइट्स द नाइट' हा तोवर बाजारात न आलेला अल्बमच सादर केला. रंगमंचावर ताडाचे झाड उभे होते, प्रेक्षकांचे स्वागत मायामी बीचवर आल्याबद्दल होत होते, आणि शीर्षकगीत एकाच रात्री पुन्हा पुन्हा वाजवले जात होते. शोक खरा होता हे मान्य केले, तरी तो अनोळखी माणसांसमोर त्यांच्याच पैशांनी मांडला जात होता, हेही मान्य करायला हवे. त्यावर चिडलेल्या श्रोत्यांना पुढच्या समीक्षकांनी सरसकट अरसिक ठरवले, ते मला कधीच पटले नाही.

आणि एक व्यवहाराचा मुद्दा. 'हार्वेस्ट'ने मिळवलेल्या पैशांमुळे आणि दबदब्यामुळेच कंपनीला असे अल्बम काढणे भाग पडले. पहिल्याच अल्बमला कोणी 'टुनाइट्स द नाइट' घेऊन गेला असता, तर ती टेप कपाटातच राहिली असती.

---

मंद्रसप्तक

धुळाक्षर, श्रोत्यांविषयी तुम्ही लिहिलेले मला मान्य आहे. मी त्यांना दोष दिलेला नाही. सोबतच्या कागदावरची ती क्षमायाचना मला महत्त्वाची वाटते ती याचसाठी: ऐकणारा परका आहे आणि त्याला हे जड जाईल, याची यंगला पुरेपूर जाण होती.

पैशांच्या मुद्द्याला मी आणखी एक जोड देतो. १९७३ च्या आरंभीच्या त्या दौऱ्यात वादकांनी मानधन वाढवून मागितले आणि वातावरण गढूळ झाले, असे संबंधितांनी सांगितलेले आहे. केनी बट्री तर दौरा अर्ध्यात असतानाच बाहेर पडला आणि त्याच्या जागी जॉनी बार्बाटा आला. यशाने यंगला काय दिले याचा हिशेब करताना ज्या साथीदारांनी 'हार्वेस्ट'चा आवाज घडवला, त्यांच्याशी असलेले नाते त्याच यशाने ताणले, हेही त्यात धरावे लागेल.

---

पश्चिमवारा

मी टोरोंटोत राहतो, त्यामुळे इथल्या मॅसी हॉल या सभागृहाचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. १९ जानेवारी १९७१ रोजी यंगने तिथे एकट्याने केलेल्या मैफलीचे ध्वनिमुद्रण २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. 'हार्वेस्ट' बाजारात यायला तेव्हा वर्षभराचा अवकाश होता, तरी त्यातली बरीच गाणी या मैफलीत आहेत. 'हार्ट ऑफ गोल्ड' तर स्वतंत्र गाणे म्हणूनही येत नाही. पियानोवर 'अ मॅन नीड्स अ मेड' चाललेले असते आणि त्याच्या पोटातून हे दुसरे गाणे वर येते. टाळ्या होतात त्या नेहमीसारख्याच, कारण हेच गाणे पुढे साऱ्या जगात वाजणार आहे याची त्या सभागृहात कोणालाच कल्पना नाही.

डेव्हिड ब्रिग्जचा आग्रह होता, की 'हार्वेस्ट'ऐवजी हीच मैफल अल्बम म्हणून काढावी. यंगने ऐकले नाही. ती मैफल ऐकल्यावर मला मंद्रसप्तक यांचे म्हणणे अधिक पटते. 'अ मॅन नीड्स अ मेड' हे गाणे 'हार्वेस्ट'वर लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राच्या भल्यामोठ्या साथीने येते आणि त्या साथीत त्यातला एकटेपणा बराचसा झाकला जातो. मॅसी हॉलमध्ये तो उघडा आहे. पुढच्या तीन अल्बममधला माणूस तिथे आधीच बसलेला आहे. 'हार्वेस्ट'मध्ये त्याच्यावर थोडी झूल चढली आणि नंतर ती उतरली, इतकाच फरक मला दिसतो.

---

कातळ

मी ध्वनिमुद्रणाच्या क्षेत्रात काम करतो, म्हणून आवाजाच्या अंगाने थोडे विस्ताराने लिहितो.

सगळ्यांनी एकत्र वाजवून गाणे पकडण्याच्या सवयीविषयीचे मंद्रसप्तक यांचे निरीक्षण अचूक आहे, आणि ती सवय 'हार्वेस्ट' आणि 'टुनाइट्स द नाइट' या दोन्हीकडे सारखीच आहे. त्या काळी नॅशव्हिलमध्ये किंवा लॉस एंजेलिसमध्ये ड्रम आणि बास आधी बसवून गायन नंतर स्वतंत्रपणे चढवणे सर्रास चालत असे. यंगला त्याचा तिटकारा होता. सगळे एकत्र वाजू लागले, की ड्रमचा आवाज गाण्याच्या मायक्रोफोनमध्ये शिरतो आणि गाण्याचा आवाज गिटारच्या मायक्रोफोनमध्ये शिरतो, म्हणून नंतर एकच चूक वेगळी काढून दुरुस्त करता येत नाही. दुरुस्तीचा हा मार्ग बंद करूनच तो गायला उभा राहतो. आवाज फाटलेली ती ओळ पुन्हा गाऊन घेणे सोपे होते असे लेखात म्हटले आहे, त्याला माझी एवढीच पुस्ती आहे, की अशा पद्धतीत फक्त ओळ बदलता येत नाही. अख्खे गाणे नव्याने वाजवावे लागते, आणि मग त्या रात्रीचे बाकी सारेही निसटते.

फरक आहे तो शिस्तीचा. नॅशव्हिलमध्ये यंग केनी बट्रीला झांजांना हात लावू देत नसे, कमीत कमी वाजवण्याचा आग्रह धरत असे, आणि बट्रीसारख्या मुरलेल्या वादकाला ते जड जात असे, असे त्यानेच सांगितले आहे. 'हार्ट ऑफ गोल्ड'मध्ये ड्रमचा ठोका किती मोकळ्या जागेत पडतो ते पाहा, म्हणजे या आग्रहाचा अर्थ कळेल. 'टुनाइट्स द नाइट'मध्ये हा धाक नाही. वादकांना गाणी नीट पाठ होण्याआधीच टेप फिरते आहे, मागचे स्वर उशिरा येतात, यंग गाता गाता मायक्रोफोनपासून दूर सरकतो आणि परत येतो. हेडफोन लावून ऐकले, तर एका खोलीत पाच माणसे कुठे उभी आहेत हे बोटाने दाखवता येईल इतके ते स्पष्ट आहे.

ग्रॅहॅम नॅशने सांगितलेली एक गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. 'हार्वेस्ट' ऐकवण्यासाठी यंगने त्याला होडीत बसवून रँचवरच्या तळ्याच्या मध्यावर नेले. डावीकडचा आवाज घरातून आणि उजवीकडचा कोठारातून येत होता. काठावरून एलियट मेझरने आवाज कसा आहे असे विचारले, तेव्हा कोठाराचा आवाज वाढव, असे यंगने ओरडून सांगितले. 'अलाबामा' आणि 'वर्ड्स' ही गाणी त्या कोठारातच ध्वनिमुद्रित झाली होती, हे लक्षात घेतले म्हणजे यंगला जागेचा नाद गाण्याइतकाच मोलाचा वाटत असे हे कळते. भाड्याच्या तालीमखोलीत शोकाची गाणी गाणे ही त्याच वृत्तीची पुढची पायरी आहे.

---

रानजाई

सर्वांचे प्रतिसाद वाचले. मला मात्र लेखातला मुख्य मुद्दा 'ऑन द बीच'पाशी अडखळतो असे वाटते, आणि या तिघांत माझा सर्वांत आवडता अल्बम तोच असल्यामुळे थोडे सविस्तर लिहिते.

'ऑन द बीच'चे पहिलेच गाणे 'वॉक ऑन' आपल्याविषयी वाईट बोलणाऱ्यांना उद्देशून आहे. शीर्षकगीतात माणसांची गर्दी हवीही असते आणि तिला तोंडही देववत नाही, अशी कोंडी आहे, आणि नभोवाणीवरच्या मुलाखतीला गेल्यावर मायक्रोफोनपाशी एकटाच उरलेला माणूस आहे. शेवटचे 'अँब्युलन्स ब्लूज' सुमारे नऊ मिनिटांचे आहे आणि त्यात समीक्षकांची थेट दखल आहे. हे सारे प्रसिद्धीविषयीच नाही का? मुखपृष्ठ पाहा: समुद्रकिनाऱ्यावर पाठमोरा उभा यंग, वाळूत रुतलेल्या कॅडिलॅक मोटारीचा मागचा, माशाच्या परासारखा भाग, आणि अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष निक्सन यांच्या राजीनाम्याच्या मागणीची बातमी असलेले वर्तमानपत्र. यात मित्रांचा शोक कुठेच नाही. एका संपूर्ण काळाचा आणि त्यातल्या स्वतःच्या जागेचा वीट आलेला आहे. 'रिव्होल्यूशन ब्लूज'मध्ये तर तो कॅलिफोर्नियातल्या प्रसिद्ध कलावंतांच्या वस्तीकडे मारेकऱ्याच्या नजरेने बघतो, आणि त्यात ड्रम व बास वाजवायला 'द बँड' या वाद्यवृंदाचे लेव्हॉन हेल्म आणि रिक डँको आहेत. असे गाणे ज्याला स्वतःच्याच वर्तुळाचा उबग आला आहे तोच लिहू शकतो.

म्हणून यंगचे १९७७ चे वाक्य मी इतक्या सहज बाजूला सारणार नाही. ते निदान या अल्बमला तरी तंतोतंत लागू पडते.

---

मंद्रसप्तक

रानजाई, 'ऑन द बीच'वर इतके नेमके लिहिल्याबद्दल मनापासून आभार. त्या अल्बममध्ये प्रसिद्धीचा विषय उघड आहे, यात शंका नाही. माझा प्रश्न तो विषय कधी येतो याविषयी आहे. 'टुनाइट्स द नाइट' १९७३ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये गाऊन झाला होता, तर 'ऑन द बीच'ची बहुतेक गाणी १९७४ च्या पहिल्या काही महिन्यांतली आहेत. आधी माणूस रडून घेतो आणि मग भोवतालच्या जगाकडे बघून त्याला वीट येतो, हा क्रम माझ्या ओळखीचा आहे. प्रसिद्धीविषयीचा तो कडवटपणा मला शोकानंतरचा वाटतो. ज्या वर्तुळाकडे तो मारेकऱ्याच्या नजरेने बघतो, त्याच वर्तुळात त्याचे दोन मित्र गेले होते.

शिवाय तुम्ही उल्लेखलेल्या 'अँब्युलन्स ब्लूज'मध्ये एक धागा दडलेला आहे. त्यातली गिटारची चाल स्कॉटिश गायक-गीतकार बर्ट जान्श याच्या १९६५ सालच्या 'नीडल ऑफ डेथ' या गाण्यावरून नकळत उचलली गेली, असे यंगने स्वतः सांगितले आहे. जान्शने ते गाणे हेरॉइनने गेलेल्या आपल्या मित्रावर लिहिले होते. समीक्षकांविषयी, टोरोंटोच्या जुन्या दिवसांविषयी आणि राजकारणाविषयी गाताना यंगच्या बोटांखाली जी चाल आली, ती हेरॉइनने गेलेल्या मित्राच्या गाण्याची होती. शब्द प्रसिद्धीविषयी बोलत असताना हात मात्र अजून तिथेच अडकलेले आहेत, असे मला त्यात ऐकू येते.

---

धुळाक्षर

आता 'होमग्रोन'चा विषय निघायला हरकत नाही, कारण त्याच्याशिवाय ही चर्चा पुरी होणार नाही.

१९७४ च्या अखेरीस आणि १९७५ च्या आरंभी यंगने 'होमग्रोन' नावाचा अल्बम तयार केला होता. अभिनेत्री कॅरी स्नॉडग्रेस हिच्याशी असलेले नाते तुटत असताना लिहिलेली ही गाणी आहेत. आवाज 'हार्वेस्ट'च्या कुळातला आहे: बेन कीथची पेडल स्टील, टिम ड्रमंडचा बास, अकूस्टिक गिटार. म्हणजे कंपनीला आणि श्रोत्यांना तीन वर्षे जे हवे होते, ते तयार होऊन समोर होते. यंगने मित्रमंडळींना तो अल्बम ऐकवला, आणि त्याच टेपवर पाठोपाठ असलेला 'टुनाइट्स द नाइट'ही सर्वांच्या कानांवर पडला. दुसरा अल्बम काढ, असे रिक डँकोने सांगितल्याची आठवण यंगने सांगितली आहे. त्याप्रमाणे जून १९७५ मध्ये 'टुनाइट्स द नाइट' आला आणि 'होमग्रोन' थेट २०२० साली प्रसिद्ध झाला.

इथे मी मंद्रसप्तक यांना विचारू इच्छितो: हा निर्णय शोकाचा मानायचा की बंडाचा? शोकाला दोन वर्षे लोटली होती. हातात लोकप्रिय होण्याजोगा अल्बम असताना त्याने तो बाजूला ठेवला. मला यात मुद्दाम केलेली निवड दिसते.

---

मंद्रसप्तक

निवड होतीच, यात दुमत नाही. पण 'होमग्रोन' हा आपल्यासाठी फार खाजगी होता आणि तो ऐकणे आपल्यालाच सोसत नव्हते, असे यंग नंतर म्हणाला आहे. दोन दुःखांपैकी एक दुःख त्याने जगासमोर मांडले आणि दुसरे स्वतःपाशी ठेवले. मेलेल्या मित्रांविषयी बोलायला तो तयार होता, कारण ते बोलणे त्यांच्या वतीने होते. तुटलेल्या नात्याविषयी बोलायला तयार नव्हता, कारण त्यात त्याच्या मुलाची आई होती आणि ती जिवंत होती. हा शेवटचा भाग माझा तर्क आहे. पण 'होमग्रोन' आज ऐकताना त्यातली काही गाणी किती उघडी आहेत हे जाणवते, आणि अशी टेप कपाटात ठेवावीशी वाटणे मला पूर्णपणे समजते.

---

चांदणवेल

मी 'हार्ट ऑफ गोल्ड' आणि 'ओल्ड मॅन' एवढीच गाणी ऐकलेली आहेत आणि ती मला फार आवडतात. इथली चर्चा वाचून पुढचे ऐकायची उत्सुकता वाटते आहे, पण थोडी भीतीही वाटते. थेट 'टुनाइट्स द नाइट'पासून सुरुवात करावी, की दुसरा काही मार्ग आहे?

---

रानजाई

चांदणवेल, 'ओल्ड मॅन' आवडत असेल तर घाबरू नका. ते गाणे यंगने रँच विकत घेतली तेव्हा तिची देखभाल करणाऱ्या वृद्ध गृहस्थांना उद्देशून लिहिले आहे. एका माणसाकडे टक लावून बघत गाणे लिहिण्याची त्याची ती रीत तुम्हाला ब्रूस बेरीच्या गाण्यातही भेटेल.

सुरुवात 'ऑन द बीच'च्या दुसऱ्या बाजूने करा. तिथे तीनच गाणी आहेत, गती संथ आहे, अकूस्टिक गिटार आणि हार्मोनिका ओळखीची वाटेल. त्यानंतर 'टुनाइट्स द नाइट'मधले 'अल्बुकर्की' ऐका. त्यात बेन कीथची तीच पेडल स्टील आहे जी तुम्ही 'हार्वेस्ट'मध्ये ऐकलेली आहे, फक्त इथे ती कुठेही टेकत नाही. मग 'बॉरोड ट्यून' ऐका, ज्यात पियानोवर एकटा बसलेला यंग ही चाल आपण रोलिंग स्टोन्सकडून उसनी घेतली आहे असे गाण्यातच सांगून टाकतो. एवढे झाल्यावर अल्बम पहिल्यापासून लावा.

संपूर्ण अल्बम जड वाटला, तर 'रॉक्सी: टुनाइट्स द नाइट लाइव्ह' हे ध्वनिमुद्रण शोधा. सप्टेंबर १९७३ मध्ये लॉस एंजेलिसच्या सनसेट स्ट्रिपवर रॉक्सी हे नवे नाट्यगृह सुरू झाले, त्या वेळच्या मैफली त्यात आहेत आणि ते २०१८ साली प्रसिद्ध झाले. गाणी तीच, माणसे तीच, पण तालमीची खोली सोडून ही मंडळी पहिल्यांदाच लोकांसमोर आलेली आहेत आणि समोरचे लोक हसतात, दाद देतात. शोकात असलेल्या माणसांना गाताना आनंदही होत होता, हे मला त्या मैफलीतून कळले. 'टाइम फेड्स अवे' मात्र सर्वांत शेवटी ऐका, आणि त्यातले 'डोन्ट बी डिनाइड' मोठ्या आवाजात लावा.